शेवटचं पान

दुसरीच्या मुलांनी केलेली चित्रपुस्तकं लावायला मी वर्गात दोरी बांधली होती. उत्तनच्या कोळीवाड्यातल्या केली नावाच्या मुलीचं शेवटचं पान काही होईना, म्हणून तिचं पुस्तक उघडलं आणि मी दचकलेच. दोरीवर ओळीने लटकलेली मुलं, तोंडं वासलेली. खाली लिहिलेलं, 'मी पन.' घरी कोण काय करतंय हिला?

घाबरतच तिच्या आईला बोलावलं. चित्र बघून ती हसायलाच लागली. "टीचर, आमी बोंबील असेच सुकवतो!"

"अहो, पण बोंबलांना युनिफॉर्म?"

आईला बिलगलेली केली म्हणाली,



"टीचर, तुमीच बोल्ला ना, पुस्तक झालं का एकेकाला दोरीवर टांगते... माजं झालं न्हाय हां अजून!"