साडेनऊच्या आत

नितेशचा फोन आला तेव्हा हर्षा पलंगावर बसून नव्या बुटांच्या नाड्या बांधत होती. दामिनी फोन घेऊन बाल्कनीत गेली. चौदाव्या मजल्यावरून साओ पावलो शहर दिसत होतं. नजर जाईल तिथवर इमारतीच, पेरल्यासारख्या.

"दामिनीताई, आमचे बाबा गेले," नितेश म्हणाला. तो हर्षाचा धाकटा भाऊ. "सकाळी मळ्यात बसले होते, तिथंच. हर्षाताई फोन उचलून नाही राहिली. तुमीच सांगा तिले, मले सांगवत नाही. सहा वाजता नेतो आमी बाबाले. त्याच्या आत व्हिडिओवर तोंड तरी पाहू द्या तिले."

हर्षाच्या गावी, भातकुलीत, संध्याकाळचे सहा म्हणजे इथले सकाळचे साडेनऊ. आता साडेसात होत होते.

"हो," दामिनी म्हणाली. "सांगते."

हर्षाचे बाबा, केशवराव, काही तिला परके नव्हते. वीस वर्षांपूर्वी अकोल्याच्या होस्टेलात हर्षा, दामिनी आणि वर्षाली एका खोलीत राहायच्या. केशवराव दर पंधरवड्याला भातकुलीहून एसटीने यायचे. पिशवीत मळ्यातली भरताची वांगी असायची, मेथीच्या जुड्या असायच्या. तिघींचे वाटे वेगळे बांधलेले. "तिघी माह्याच पोरी आहेत," असं फाटकावरच्या बाईला सांगायचे आणि पाणीही न पिता परत फिरायचे.

वर्षाली तीन वर्षांपासून नवऱ्याच्या नोकरीपायी इथे राहत होती. हर्षा आणि दामिनी अमरावतीत शिक्षिका. तिघींनी पुन्हा एका खोलीत राहायचं, हे दर दिवाळीला ठरायचं आणि दर दिवाळीला मोडायचं. यंदा जमलं होतं. शनिवारी त्या पोहोचल्या, आज रविवार. हर्षाचा हा आयुष्यातला पहिला विमानप्रवास होता.

दामिनी स्वयंपाकघरात गेली. वर्षाली चीजचे गोळे भाजत होती. दामिनीने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं, गॅस बारीक केला.

"आज नको सांगू वं," ती म्हणाली. "सांगून काय होणार? ती पोहोचणार तर नाहीच. उरलेले चारही दिवस रडण्यात जातील तिचे." मग हळूच म्हणाली, "आन आपले."

"पण तोंड पाह्यचं आहे न तिले."

"मेलेलं तोंड पाहून कोणाचं भलं झालं? हसते तर हसू दे बिचारीले. संध्याकाळी सांगू."

"नितेशले काय सांगू मग?"

"सांग काहीही."

दामिनीने लिहिलं, 'हर्षाला सांगितलं. ती बोलायच्या अवस्थेत नाही. तुम्ही थांबू नका.' पाठवलं. तेवढ्यात हर्षा आतून ओरडली, "अवं, निघता का नाही? का मी एकटीच जाऊ?"

रविवारी तिथला मोठा हमरस्ता गाड्यांना बंद असतो. सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं. सायकली, कुत्री, म्हातारे, ढोल वाजवणारा एक जथ्था. हर्षाने ओढणी कमरेला खोचली आणि एका पांढऱ्या केसांच्या बाईचा हात धरून नाचायला लागली. अमरावतीत वरातीतही न नाचलेली हर्षा. दामिनी तिचा व्हिडिओ काढत होती. फोनवर नऊ एकतीस झाले, पण तिने फोन खाली केला नाही. थोड्या वेळाने हर्षा दमून कठड्यावर बसली, पर्समधून स्वतःचा फोन काढून बघत राहिली.

"पाणी पाहिजे का?" वर्षालीने विचारलं.

"नाही," हर्षा म्हणाली. "आता कुठं जायचं, ते सांगा."

संध्याकाळी वर्षाली म्हणाली, जेवण होऊन जाऊ दे. सोमवारी म्हणाली, आज बाजार पाहू, उद्या सांगू. मंगळवारी तलावाकाठच्या बागेत दामिनीनेच तोंड उघडलं आणि आईस्क्रीमचं विचारलं. आता एक दिवस लपवल्याचं सांगायचं, की तीन दिवस लपवल्याचं? जितका उशीर, तितकं अवघड. हर्षा मात्र पुढे पुढे. चालून पाय सुजले तरी थांबेना. रोज जेवायला बसली की दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहायची आणि विचारायची, "अजून काही राह्यलं का वं?"

वर्षाली मग एखाद्या चर्चचं, नाही तर एखाद्या बुरुजाचं नाव सांगायची.

बुधवारी दुपारी वर्षालीने दोघींना विमानतळावर सोडलं. गळ्यात पडून रडली, आणि दामिनीच्या कानात म्हणाली, "विमानात बसल्यावर सांगजो."

दामिनीला तेवढं थांबणं जमलं नाही. बाकावर बसताच तिने हर्षाचा हात हातात घेतला. "हर्षा, बाबा..."

"रविवारी गेले," हर्षा म्हणाली. आवाज अगदी सरळ.

"तुले... कधी समजलं?"

"साडेनऊले. नितेशचा मेसेज आला. 'दामिनीताई म्हणतात तू बोलायच्या अवस्थेत नाहीस. बाबाले नेऊन राहिलो, तू सांभाळ.' मी तेव्हा नाचून राहिली होती. तू माहा व्हिडिओ काढून राहिली होती." तिने हात सोडवून घेतला. "मग म्हटलं, आता सांगतील. रात्री सांगतील. उद्या सांगतील."

दामिनीला हुंदका आवरेना. "मग काहून नाही बोलली वं? चार दिवस एकटीनं... रडायचं तरी होतं."

हर्षाने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"कोणापाशी?"