काचेवरचं हळदीचं बोट

दसऱ्याला प्रयोगशाळेतली यंत्रं पुजताना शर्वाणीने सवयीने प्रकाशगणकाच्या काचेलाही हळदीचं बोट लावलं. त्या काचेतून जाता जाता प्रकाशच गणित करायचा. तिच्यावर साधा बोटाचा ठसाही चालत नसे. दुसऱ्या दिवशी चाचणी होती. द्राक्षाचं रोगट पान गणकाने ओळखलं, तरच शर्वाणीला पीएच.डी.ला प्रवेश मिळणार होता. आजवर त्याने एकही ओळखलं नव्हतं.

"पुसून टाक आधी," तिच्या मार्गदर्शक बेहेरे मॅडम म्हणाल्या. "काच आहे ती, उंबरठा नाही."

"पुसताना ओरखडा पडेल, मॅडम. असंच बघू या ना."

तिने एक पान ठेवून निळा प्रकाश सोडला. हळदीचा ठिपका हिरवा उजळला आणि पडद्यावर 'रोगट' असं उमटलं. तिने दुसरं पान ठेवलं. 'निरोगी'. दोन्ही उत्तरं बरोबर होती.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "काच प्रकाश नुसता पुढे पाठवते," त्या सावकाश म्हणाल्या. "हळद तो पिते आणि आपल्या रंगात परत देते. रोगट की निरोगी ही निवड करायला गणकाला असा बदलच हवा होता."

"मग प्रवेश?"

"मिळाला समज. विषय हळद." मॅडम काचेकडे बघत राहिल्या. "आणि कुंकू का नाही लावलंस गं? उद्या चाचणी झाली की तेही लावून बघ."