गैरसमजाचा चहा

वाचनालयाची सभा चार मिनिटांत आटोपली. कानामागच्या चकतीमुळे बोलणाऱ्याच्या मनातलं जसंच्या तसं ऐकणाऱ्याला कळे. वादाला जागाच नव्हती.

टिल्लूंना जुन्या सभा आठवल्या. तेव्हा कडाक्याचं भांडण होई आणि दुसऱ्या सकाळी भागवत घरी येत. "टिल्लू, माझा तसा अर्थ नव्हता हो," म्हणत दोन चहा पीत आणि तिसऱ्याला नवं भांडण काढत. गेल्या सहा वर्षांत ते फिरकले नव्हते. यायला कारणच उरलं नव्हतं.

पुढच्या सभेत टिल्लूंनी चकती हळूच खिशात घातली.

भागवत म्हणाले, "दोन मासिकं बंद करू."

"म्हणजे मासिकं निवडणारा मी गाढव?" टिल्लू कडाडले आणि तरातरा निघून गेले.

दुसऱ्या सकाळी कडी वाजली. टिल्लूंनी आधण आधीच ठेवलं होतं.

"अहो, माझा तसा अर्थ नव्हता," भागवत म्हणाले. त्यांची चकती बाहेर चपलांशेजारी काढून ठेवलेली होती.