आढ्याला टांगलेला तांदूळ

किना भावाच्या घरी येऊन चटईवर बसली, तेव्हाच तिची नजर वर गेली. आढ्याला तांदळाची गाठोडी टांगलेली होती. जुन्या कपड्यांच्या फडक्यांत बांधलेली, ओळीने.

"हे काय गं तेबोरा? कुणाचं लग्न काढलंस?"

"एकेका दिवसाचं गाठोडं आहे, वन्सं," तेबोरा म्हणाली. "दवाखान्यात नर्सबाई आल्या होत्या ना, त्यांनी शिकवलं. काय शिजवायचं ते आधीच ठरवायचं. रोज एकच गाठोडं सोडायचं. मासा मिळाला त्या दिवशी तेही नाही. तांदळाचं पुढचं जहाज येईपर्यंत पुरवायचं."

तिच्या मांडीवर तान्ही मुलगी झोपली होती. मागच्या बाळंतपणात जहाज लांबलं, समुद्र खवळला म्हणून मासाही नव्हता. नुसत्या खोबऱ्यावर दिवस काढता काढता थोरल्याच्या वेळी तेबोराचं दूध आटलं होतं. पोर साखरपाण्यावर कसंबसं तगलं. या वेळी तिला तसं होऊ द्यायचं नव्हतं.

"आणि भांड्याला लागलेला भात?" किनाने विचारलं.

"खरवडून पाण्यात घालते, सकाळी तोच खातो. माशांची डोकी उकळते. खोबऱ्याचा चोथा पिठात मळते. काही म्हणजे काही टाकत नाही."

"आमच्याकडे पोरं भांडं अशी चाटतात की घासायचं कामच राहत नाही. तीही बचतच म्हण की!"

बाहेर तेबोराचा नवरा बाउरो नारळ सोलत होता. तो हसला, पण त्याने मान वर केली नाही. गाठोडी बांधली तेव्हाच तो म्हणाला होता, पेटीत ठेव. पेटीत मुंग्या होतात, खाली उंदीर येतात, असं तेबोरा म्हणाली आणि ते खरंही होतं. पण घराला भिंती नव्हत्या. बेटावर कुणाच्याच घराला नसतात. वाऱ्यासाठी उघडं ठेवलेलं घर माणसांनाही उघडंच राहतं. नर्सबाई परदेशच्या. त्यांच्या घराला दार असणार.

किना थोडा वेळ बाळाच्या तळव्यांवरून बोट फिरवत बसली. बाळाच्या अंगाखालची चटई तिनेच विणलेली होती. कालचा मासाही तिच्याच घरून आला होता.

"तेबोरा," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "आमच्याकडचा तांदूळ संपला. थोरल्याचं बोटीवरचं काम सुटलं, तो घरी आलाय. सुनेची माणसंही आहेत. मी बुबुती करते."

बुबुती म्हणजे मागणं. पण साधं मागणं वेगळं. हा शब्द उच्चारून कुणी मागितलं, तर समोरच्याला नाही म्हणता येत नाही. जो नाही म्हणतो त्याची लाज त्याच्या नातवंडांनाही पुरते.

तेबोराने नवऱ्याकडे पाहिलं. तो नारळ सोलतच राहिला.

"किती देऊ, वन्सं?"

किती, ते मागणाऱ्याने सांगायचं नसतं. "घर भरलंय गं," एवढंच किना म्हणाली.

तेबोराने बाळाला चटईवर ठेवलं आणि ती गाठोडी सोडू लागली. निम्मी सोडून झाल्यावर तिचा हात थांबला. शेजारच्या घरातली बाई हातातलं काम ठेवून इकडेच बघत होती. आज उरेल ते उद्या ती मागणार. परवा तिच्या पलीकडची.

तेबोराने उरलेलीही सोडली आणि सगळी नणंदेच्या ओटीत घातली.

"गुणाची आहेस," किना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "संध्याकाळी चूल पेटवू नकोस. सगळे माझ्याकडे या."

संध्याकाळी किनाच्या अंगणात मोठं पातेलं चढलं होतं. तेबोराने आत डोकावून पाहिलं. तिची सगळी फडकी बाजूला रिकामी पडली होती.

"सगळा? एकदम शिजवला, वन्सं?"

"मग काय, टांगून ठेवू?" किना म्हणाली. "तू टांगलास, तर मी आले. मी टांगला, तर कोण येईल सांग बरं?"

सगळे हसले. शेजारची बाईही हसली. तीही आपलं ताट घेऊन आलीच होती.

पंगत बसली. पोरं दोन्ही हातांनी जेवत होती. किनाचा थोरला म्हणाला, "मामी, जहाज अजून तारावाच्या बंदरातच अडकलंय. इंजिन खोललंय म्हणे. कधी निघेल, कुणाला ठाऊक नाही."

बाउरोचा घास हातातच राहिला. मग त्याने तो खाल्ला.

तेबोराचं पोट भरलं होतं. किनाने तरी तिच्या ताटात भाताचा ढीग घातला. "खा गं, बाळंतीण तू. खाऊन घे. पोटातलं मागायला कुणी येत नाही."

तेबोरा खात राहिली. घास घशाशी येत होता, तरी पाण्याबरोबर उतरवत राहिली. तेवढ्यात बाळ जागं झालं आणि मान वळवून वळवून तिच्या छातीशी धुंडाळू लागलं. तिने ताट बाजूला सारलं आणि त्याला जवळ घेतलं.

आज दूध होतं.