नळीतला बुडबुडा

रमाकांत रस्त्याकडे कमी आणि नळीकडे जास्त पाहत होते.

नळी पारदर्शक होती, करंगळीहून बारीक. समोरच्या फळीवर बसवलेल्या तेलाच्या टाकीतून निघून ती आसनाखालच्या पंपाकडे उतरत होती. मूळ रचनेत ती आत दडलेली असे. रमाकांतांनी ती बाहेर काढून घेतली, कारण न दिसणाऱ्या गोष्टीवर भिस्त ठेवणे त्यांना कधी जमले नव्हते. गाडी गोल्फच्या मैदानावरची, जुनी, टू-स्ट्रोक, पेट्रोलबरोबर तेलही जाळणारी. बारामतीच्या भंगारवाल्याकडून इंदापूर तालुक्यातल्या या कालव्याच्या रस्त्यावर आलेली. १९९६ चा डिसेंबर होता. सकाळ झाली होती, पण उसावरचे धुके ते मान्य करायला तयार नव्हते.

“समोर बघा हो,” शालीत गुंडाळलेली मालती म्हणाली. “कालवा डाव्या हाताला आहे.”

“माझ्या लक्षात आहे.”

मालतीला कळसच्या बाजूच्या पाझर तलावावर उतरलेले रोहित पक्षी पाहायचे होते. ते घरावरून जात, तेव्हा ती उशांना टेकून नुसती ऐकत असे. तिची फुप्फुसे तिला फाटकापलीकडे चालू देत नव्हती. याआधी दोनदा हे नवराबायको निघाले होते आणि दोनदा अर्ध्या वाटेतून परतले. रमाकांत पेट्रोलमध्येच तेल मिसळत. ती पद्धत खात्रीची, पण तिचा निळा धूर मालतीला गुदमरवत असे. पंप मात्र वेगाप्रमाणे लागेल तेवढेच तेल देतो आणि धूर जवळजवळ होत नाही. अडचण एवढीच, की पंप म्हातारा होता. तो थांबला तर कसलीही सूचना मिळत नाही. इंजिन थोडा वेळ नेहमीसारखे चालते आणि मग जाम होते. आज पेट्रोल निव्वळ होते, तेल फक्त पंपाचे. गाडी इथे बंद पडली तर मालती घरी कशी पोहोचणार, हा प्रश्न दोघांनाही ठाऊक होता.

धुक्यातून मेंढरे आली, आधी आवाज, मग लोकर. रमाकांतांनी पेडलवरून पाय उचलला. पाय उचलला की या गाडीचे इंजिनच थांबते. एकदम इतके शांत झाले, की मेंढरांच्या खुरांखालची माती ऐकू येऊ लागली.

“आज धूर न्हाय व्हय, सायेब?” कळपामागून मेंढपाळ आबाजी आले, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. “म्हूनच हालंनात. धुराचा वास आला की आपसूक कडंला व्हत्यात. आज वळखलीच न्हाय त्यांनी गाडी.”

“आज पंपाच्या तेलावर चालवतोय.”

“चालंल का पर?”

“सांगता येत नाही.”

“आन् मग वयनीस्नी कशाला घिऊन निगालाय?”

“विचारा, आबाजी, तुम्हीच विचारा,” मालती म्हणाली. “मला उत्तर मिळत नाही.”

आबाजी हसले आणि मेंढरे एका अंगाला रेटू लागले. तेवढ्यात रमाकांतांना नळीत बुडबुडा दिसला. गव्हाच्या दाण्याएवढा, मध्यावर, निश्चल.

“काय झालं?” मालतीने विचारले.

“हवा शिरली.”

“माझ्या सलाईनच्या नळीत दिसली होती, तेव्हा अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होतात.”

“तेव्हाही माझं चुकलं नव्हतं.” त्यांनी पायाजवळचा तेलाचा डबा उचलला. “हे पेट्रोलमध्ये ओततो. मग इंजिनाची काळजी नाही.”

“मग माझी.”

डबा त्यांच्या हातात राहिला. भरलेल्या नळीत तेल वाहते आहे की नुसते उभे आहे, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणजे इतका वेळ ते जे निरखत होते, त्यातून काहीही सिद्ध होत नव्हते. बुडबुडा हा पहिला पुरावा होता. इंजिन चालू असताना तो पंपाकडे सरकला, तर पंप तेल ओढतो आहे. नाही सरकला, तर नाही.

त्यांनी डबा खाली ठेवला.

“इथे नख ठेव. बुडबुड्याच्या बरोबर वरच्या टोकाला. हलवायचं नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी समोर बघतो.”

गाडी निघाली. मेंढरांच्या पाठी दोन्ही बाजूंनी वाहत मागे गेल्या. मग ऊस मागे गेला. मग मागे जायला काही उरले नाही. चाके जमिनीला टेकलेली आहेत, हे केवळ खडखडाटावरून समजत होते.

“हलला?”

“नाही.”

रमाकांतांनी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही.

“आता?”

“गप्प बसा. गारठ्यानं बोट थरथरतंय माझं.”

इंजिनाचा आवाज तोच होता. तो तोच असणार होता, शेवटच्या क्षणापर्यंत.

“गेला,” मालती म्हणाली.

“कुठे?”

“खाली.”

“नक्की?”

“माझं नख जागेवर आहे. तो नाही.”

रमाकांतांनी तरीही एकदा वाकून पाहिले. बुडबुडा पंपाच्या तोंडाशी पोहोचला होता. पाहता पाहता तो आत शिरला. थोडी हवा, मागोमाग तेल. तेवढे इंजिनाने सोसले.

“अजून येतील असे?”

“येतील.”

“मग?”

“मग पुन्हा नख.”

तलावाचा बांध लागला तेव्हा त्यांनी पाय उचलला. पाणी दिसत नव्हते. पक्षी दिसत नव्हते. पांढऱ्या धुक्यात कुठेतरी अनेक गळ्यांची दबकी बडबड चालली होती. ती रोहितांचीच होती असे खात्रीने म्हणता आले नसते. मालतीने सावकाश, खोल श्वास घेतला. खोकला आला नाही.

“पाण्याचा वास येतोय,” ती म्हणाली.

रमाकांतांनीही श्वास घेतला. त्यांना पेट्रोलचाच वास आला. त्यांनी आणखी एक घेतला.