पेरले तेवीस

सैन्यातून परतलेल्या थोरल्या भावाने चाळीस वर्षं शेती केली आणि परवा तो गेला. या चाळीस वर्षांत रोज सकाळी तो लोखंडी सळई घेऊन एकटाच शेतात उतरायचा, पावलापावलावर जमीन टोचून बघायचा आणि मगच घरच्यांना आत येऊ द्यायचा. कुठेतरी पाणी मुरतंय, असं धाकट्याला तेव्हापासून वाटत होतं. आता तर दादाच्या जुन्या पेटीत नकाशाच सापडला. एक ओढा, एक झाड, तेवीस फुल्या आणि खाली दादाच्या अक्षरात : 'पेरले तेवीस. काढले बावीस.'

गुप्तधनाचा एक हंडा अजून जमिनीतच आहे, असा अर्थ लावून धाकट्याने ओढ्याकाठी खणायला घेतलं. तिसऱ्या खड्ड्यात तो कमरेइतका उतरला, तेव्हा वहिनी बांधावर येऊन उभी राहिली.

"काय शोधताय, भावजी?"

"दादा तोंड उघडायचा नाही, पण तुम्हाला डोळे होते ना?" त्याने नकाशा पुढे केला.

"नकाशातलं हे आपलं शेत नाही. लढाईतलं आहे. सुरुंग पेरायचं काम होतं त्यांचं. लढाई संपल्यावर काढायलाही त्यांनाच पाठवलं. एक सापडलाच नाही."

"मग इथे काय टोचत हिंडायचा?"

"तोच शोधायचे. मी खुरपणीला निघाले, की चार पावलं पुढे चालायचे."

धाकटा खड्ड्यातून वर आला. बांध दहा पावलांवर होता. पहिलं पाऊल टाकण्याआधी त्याने पहारीने समोरची माती टोचून पाहिली.