तिसरी टाकी

केकवर सुरी टेकली तेवढ्यात माशांच्या टाक्या सांभाळणारा ओडव्हार आत आला. त्याच्या रबरी बुटांखाली पाण्याचं थारोळं झालं.

"सिनोवे, तिसऱ्या टाकीतले मासे मरत नाहीयेत गं. उलट खायला मागतायत."

सिनोवेची सुरी केकवरच्या बदामाच्या थरात, मार्झिपानमध्येच थांबली. सकाळपासून तिला आकाश ठेंगणं झालं होतं. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत ज्याला आनंद झाला त्यानेच केक आणायचा असतो. म्हणून हा एवढा मोठा केक छातीशी धरून ती बर्फातून आली होती. वाटेत स्वतः आपटली, पण केक पडू दिला नाही.

हा सगळा आनंद एका जंतूचा होता. सॅमन माशांना फोड आणून मारणारा हा जंतू अंगावर बारीक सुया बाळगतो. सुई माशाच्या पेशीत टोचायची, तिच्यातून आत विष सोडायचं, की पेशी लुळी पडते आणि मागोमाग मासाही. सिनोवेचं म्हणणं होतं की सगळी दादागिरी त्या सुईची आहे. सुई काढली की जंतू नुसता पाहुणा. दोन वर्षं खपून तिने एका जंतूचं सुई बनवणारं जनुक कापून टाकलं. पहिल्या टाकीत सुईवाला जंतू सोडला, मासे गेले. दुसऱ्या टाकीत बिनसुईचा सोडला, मासे मजेत. तिसरी टाकी फक्त खात्रीसाठी होती. तिच्यात पुन्हा सुईवालाच सोडला होता, म्हणजे मासे जायलाच हवे होते. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता आणि त्यानंतर पगार बंद.

आता सुईवाल्या जंतूच्या संगतीत मासे खायला मागत होते. म्हणजे मारणारी ती सुई नव्हेच. सिनोवेच्या तोंडचं पाणी पळालं. प्रयोगशाळेतले सगळे केककडे बघत राहिले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

माशी कुठे शिंकली ते तिला कळेना. तिसऱ्या टाकीसाठी जंतू कोणी वाढवला होता, असं तिने विचारलं. खिडकीपाशी उभा असलेला तिचा प्राध्यापक तोर्गाइर खाकरला. त्यानेच वाढवला होता, ईस्टरच्या सुट्टीआधी. थंड कपाटात हा जंतू गोगलगाईसारखा वाढतो. खाली बायको गाडीला स्की बांधून हॉर्न वाजवत होती. तेव्हा त्याने बाटली गरम कपाटात सरकवली आणि डोंगरातलं घर गाठलं. बाटली सुट्टीभर तिथेच राहिली.

"म्हटलं, जरा लवकर वाढेल," तो म्हणाला.

 बाटलीत उरलेला जंतू घेऊन सिनोवे तो तपासायला आतल्या खोलीत गेली. बराच वेळ दार बंद होतं. केकवरचं क्रीम बसायला लागलं, पण कोणी हात लावला नाही. ओडव्हारने मात्र बोटभर चाखून घेतलं.

दार उघडलं तेव्हा सिनोवे हसत होती. इतकी हसत होती की तोर्गाइर घाबरला. पोरीचं डोकं फिरलं असंच त्याला वाटलं. तिने खुर्चीच्या पाठीवरचा त्याचा लोकरी स्वेटर उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

"तोर्गाइर, बाहेरून आत आलास की हा का काढून ठेवतोस?"

"आत गरम होतं म्हणून."

"गरम कपाटात जंतूनेही तेच केलं. सुईचं जनुक टाकून दिलंय त्याने. तिसऱ्या टाकीत सोडला तो जंतूही बिनसुईचाच होता."

खोलीत एकदम गलका उठला. ओडव्हारने अडकलेली सुरी उपसली आणि सगळ्यांत मोठा तुकडा सिनोवेच्या हातात ठेवला. हसून हसून तिला तो धरवेना.

"दोन वर्षं मी त्याची सुई ओढून काढत होते," ती म्हणाली, "आणि त्याला नुसती ऊब हवी होती."